घड्याळ काढलेला दवाखाना

सगुणा पेणच्या त्या दवाखान्यात बावीस वर्षं नंबर लावत होती. खाडीकाठची, मिठागरवाल्यांच्या घरातली. डॉक्टरांच्या हाताला गुण होता, पण दवाखाना चालायचा हिच्या जिभेवर. "दोन तास लागतील, बाजार करून या," असं तोंडावर सांगायची. खाडीकडचं माणूस आलं की आधी तिथी विचारून भरतीची वेळ काढायची आणि त्याआत त्याला मोकळं करायची.

डॉक्टरांचा मुलगा निमिष शिकून आला आणि त्याला ही जीभ खुपू लागली. थांबणं कमी करता येत नसेल, तर ते कमी वाटायला लावायचं, हे त्याचं शास्त्र. खिडक्यांना जाड पडदे लागले. रंगीत माशांची काचेची पेटी आली. टीव्हीवर 'आपला नंबर लवकरच' फिरू लागलं, शेजारी 'मोबाइल बंद ठेवा'ची पाटी. भिंतीवरचं घड्याळ माळ्यावर गेलं. डॉक्टर मात्र पूर्वीसारखेच तासभर उशिरा यायचे. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला!

"सगुणाताई, आकडा सांगायचा नाही. 'थोडंच थांबा' म्हणायचं," निमिषने बजावलं होतं.

पुनवेच्या सकाळी तिच्या गावचा काळुराम गुडघा धरून आला. बांधावरच्या उघाडीची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची, झडप मोडलेली, त्यामुळे भरतीआधी तिथे फळ्या बसवाव्या लागत, नाहीतर खारं पाणी सरळ भातात. त्या दिवशी पाळी त्याची होती.

"किती टाइम गो, सगुणा? बाराला उधाण हाय. अकराच्या आत बांधावर पायजे."

पुढे सव्वीस नंबर होते. मागे निमिष उभा होता. सगुणा म्हणाली, "थोडंच थांबा, काळुदादा."

काळुराम मासे बघत बसला. बावीस वर्षांत तिचा शब्द खोटा ठरला नव्हता.

सव्वाबाराला दवाखान्याचा फोन वाजला. रोह्याला कंपनीत शिफ्टवर असलेला काळुरामचा मुलगा, प्रवीण, ओरडत होता, "बा कुठं हाय? गावातनं फोन आलाय, फळ्या नाय लागल्या! सगल्यांच्या शेतात पाणी घुसलंय!"

काळुरामने पडदा सारला. ऊन डोक्यावर आलं होतं.

"तू बोललीस म्हणून बसलो गो," एवढंच म्हणून तो लंगडत निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगुणाचं डोकं फिरलं. निमिषवर फिरलं आणि त्याहून जास्त स्वतःवर. नोकरीपायी तिने आपल्याच माणसांच्या तोंडातला घास घालवला होता. ती माळ्यावर चढली, घड्याळ काढलं आणि खिळ्याला अडकवलं.

"ताई, लोक अस्वस्थ होतील," निमिष म्हणाला.

"होऊ देत! जाणाऱ्याला जाता तरी येईल. तुझ्या माशांनी भरती थांबवली काय रे?"

मग तिने सगळ्यांना खरी वेळ ओरडून सांगितली. अर्धा दवाखाना उठून गेला.

पुढच्या आठवड्यात काळुराम पुन्हा आला. घड्याळ भिंतीवर होतं, सगुणा समोर बसली होती, आणि त्याला सांगायला आकडा तिच्या ओठांवर तयार होता.

किती वेळ लागेल, हे काळुरामने शेजारच्या बाईला विचारलं.