दाजी, मेहुणा आणि टेकडीवरची खरखर

टेकडीवरच्या टॉवरखाली एकच खोली होती आणि तिच्यात तीन बिऱ्हाडं नांदत होती: रुग्णवाहिकांचा रिपीटर, टॅक्सीवाल्यांचा आणि पाणीखात्याचा. खालून आलेला वायरलेसवरचा क्षीण आवाज उचलायचा आणि जोर लावून साऱ्या शहराला ऐकवायचा, एवढंच या पेट्यांचं काम.

रुग्णवाहिकांची पेटी दाजी सांभाळत. त्यांना दाजी म्हणायचा खरा हक्क एकाचाच, टॅक्सीवाल्यांची पेटी बघणाऱ्या त्यांच्या मेहुण्याचा. पण तो दिवसभर ‘दाजी, दाजी’ करत इतका भांडायचा, की पाणीखात्याच्या बाईंपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांनी तेच नाव उचललं. साऱ्या टेकडीचे जावई झालो, पण जावयाचा मान कुणी देत नाही, अशी दाजींची तक्रार होती.

बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा बाणा. घरीसुद्धा तोच. भाजी खारट लागली तर आधी मीठ तपासायचे, मग पाणी, मग चमचा. तोवर भाजी गार आणि बायको गरम.

पण गेले काही दिवस रुग्णवाहिकांच्या वायरलेसवर ऐन बोलण्यात खरखर घुसत होती. अर्धवट पत्ता ऐकून एक गाडी भलत्याच घरी गेली आणि पलंगावर घोरणाऱ्या धडधाकट माणसाला गाडीवाल्यांनी स्ट्रेचरवर घेतलं. तो जागा होऊन ओरडला म्हणून वाचला. ज्याला खरंच गाडी हवी होती तो बिचारा तिकडे वाट बघत होता. जागेच्या मालकांनी फर्मान काढलं: ज्याच्यामुळे हे होतंय, त्याने संध्याकाळच्या बैठकीनंतर टेकडी सोडायची.

हे काम मेहुण्याच्या पेटीचंच, याबद्दल दाजींना तिळमात्र शंका नव्हती. घरात तसं बोलूनही झालं.

“माझ्या भावाचं पोट त्या टेकडीवर आहे,” बायको शांतपणे म्हणाली. “त्याला खाली उतरवलंत, तर तुम्हीही वरच राहा.”

टेकडीचा एक नियम होता. संशय आला की सगळ्यांसमोर एकेक पेटी बंद करून बघायची. मेहुण्याने आपली पेटी बंद केली आणि खरखर गेली. दाजींना आनंद पोटात मावेना. मग त्याच पोटाला आज घरी काय मिळणार, हे आठवलं आणि तो जिरला.

मेहुण्याचा चेहरा उतरला होता. “आता बाईंचीपण बंद करून बघा, दाजी. नियम आहे ना?”

‘कशाला? दिसलं की,’ हे शब्द दाजींच्या ओठांवर आले होते. पण सवय आडवी आली. मेहुण्याची पेटी चालू केली, पाणीखात्याची बंद केली. खरखर याही वेळी गेली. दोन्ही चालू केल्या, तर हजर.

“म्हणजे पेट्या चांगल्या आहेत,” दाजी हळू म्हणाले. “बाहेर कुठंतरी गंजक्या लोखंडाचा सांधा आहे. दोघांचे आवाज तिथं भेटतात आणि तिसराच आवाज काढतात.”

बाईंनी आत दोन्ही पेट्या बोलत्या ठेवल्या. मेहुणा वायरलेस कानाला लावून दारात उभा राहिला आणि दाजी लाकडी दांडक्याने टॉवरची शिडी, पन्हळ, पत्रा, सगळं ठोकत निघाले.

“आहे... आहे... अजून आहे...” मेहुणा ओरडत होता. एकदम म्हणाला, “गेली!”

दाजींनी पुन्हा ठोकलं. खरखर परत आली. दांडकं टॉवरच्या पायाशी तारेने बांधलेल्या जाळीवर होतं.

ती जाळी दाजींनीच लावली होती. मेहुण्याने न विचारता त्यांचा पाना नेला, म्हणून दोन वर्षांपूर्वी टॉवरपासून खोलीपर्यंत हद्दच आखली: तुझं तिकडं, माझं इकडं. मेहुणा रोज ती ओलांडून यायचा. तार मात्र गंजून पार लाल झाली होती.

मेहुण्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर दाजींना बरं वाटलं असतं. तो नुसता पक्कड घेऊन आला, दोघांनी खाली बसून जाळी काढली, आणि रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचा आवाज शेजारी बसल्यासारखा स्वच्छ आला.

बैठकीत मेहुण्यानेच सांगितलं, “जाळी गंजली होती. काढली.”

“पण घातली कुणी होती?” मालकांनी विचारलं.

दाजी उठले. टेकडी सुटणार, हे त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी तोंड उघडलं. मेहुण्याने शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं.

“आम्ही दोघांनी घातली होती, साहेब,” तो म्हणाला. “एवढं भांडण एकट्याच्यानं होत नाही.”