कुंपणाबाहेरची मार्थाबाई

मार्थाबाई चर्चचं दार उघडण्याआधी कडी वाजवायची. आत कुणीच नसायचं. पहिल्या भेटीत मी कारण विचारलं, तर म्हणाली, "आपल्याच घरी आलो तरी सांगून याव लागते, बाबू."

सत्तर सालच्या सुमाराची गोष्ट. नागपूरहून उमरेडच्या वाटेला, बसथांब्यापासून बरंच आत, कपाशीच्या सपाट शिवारात इंग्रजी अमदानीतलं ते काळ्या दगडाचं चर्च एकटं उभं होतं. सरकारनं ते जपायचं ठरवलं आणि नकाशा काढायला मला पाठवलं. तिथली ख्रिस्ती कुटुंबं केव्हाच शहरात कामाला गेली होती. मागे उरली ही झाडलोट करणारी विधवा. नवरा आणि पटकीत गेलेली लहानगी पोर चर्चमागच्या अंगणात पुरलेली. दुपारी मी डबा खात असताना ती पोरीच्या मातीवरचं गवत उपटत बसायची आणि तिच्याशी बोलायची: बाजारात काय महाग झालं, कुणाची म्हैस व्याली. तिला रडताना मात्र मी कधी पाहिलं नाही.

दुरुस्ती झाली. छत नवं आलं, भोवती काटेरी तार आली, फाटकावर पाटी लागली. आता आत प्रार्थना नाही, दफनही नाही. मार्थाबाई सीताबर्डीच्या आमच्या ऑफिसात आली, पोरीशेजारची जागा मागायला. साहेबांनी नियम समजावला. तिनं तो शांतपणे ऐकून घेतला.

"दगड वाचवले, चांगलं केलं साहेब," ती म्हणाली. "पण मेल्यावर मले पोरीपासून दूर काहून ठेवता?"

साहेबांनी परवानगी काही दिली नाही.

एका उन्हाळ्यात ती गेली. मी पोचलो तेव्हा पेटी फाटकाबाहेर रस्त्यावर ठेवलेली होती. चौकीदाराच्या डोळ्यांत पाणी होतं, पण कुलूप काढलं तर नोकरी जाईल म्हणत होता. ऊन चढत चाललं. शेवटी शेजारच्या शेताचा मालक नामदेव पुढे झाला.

"माह्या वावरात ठेवा तिले," तो म्हणाला. "तारेले लागून."

तिथंच पुरली. तारेतून हात घातला असता तर पोरीच्या मातीला लागला असता.

नामदेव होता तोवर त्यानं तेवढा तुकडा पेरला नाही. त्याच्यामागे मुलांनी वावर विकलं. पुढे कित्येक वर्षांनी मी गेलो, तेव्हा नव्या मालकाची कपाशी थेट तारेला भिडली होती. शहरातून एक शाळेची सहल आली होती, आणि बाई मुलांना सांगत होत्या, किती छान जपलंय पाहा. मी तारेच्या कडेकडेनं चालत राहिलो. आत पोरीची मातीही गवतात ओळखू येत नव्हती. तिची जागा मला सापडली नाही.