उजव्या टोकाचा माणूस

बर्फातल्या त्या चौकीवर माझी पोस्टिंग आली, तेव्हा तिथे आमच्या जिल्ह्याचा एक माणूस आधीच होता. हवालदार ज्ञानोबा शेळके, जिंतूर तालुक्याचे. मी वालूरचा. परभणीकडचा माणूस एवढ्या उंचीवर भेटला म्हणून मला आनंद झाला. तो आनंद पहिल्या सकाळपर्यंतच टिकला.

सकाळी सहाला त्यांनी आम्हाला गुडघाभर बर्फात उभं केलं आणि आवाज दिला, "दाहिने सज!"

या हुकमावर प्रत्येकाने मान उजवीकडे वळवायची आणि शेजाऱ्याशी छाती जुळवून ओळ सरळ करायची. अगदी उजव्या टोकाचा माणूस तेवढा समोर बघतो. बाकी सगळे त्याच्यावरून ओळ धरतात. ती जागा ज्ञानोबांची असे.

चौकीत बूट, फावडी, दोर, बर्फात खुपसायच्या लांब सळया, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. एकदा मी फावडं दुसरीकडे ठेवलं.

"वालूरकर, हितं काय बाजार भरलाय का?"

"दादा, फावडंच आहे. कुठं पळून जायलंय?"

"ते न्हाई पळत. पर तुला लागंल तवा हुडकत बसशील."

मी मनातल्या मनात त्यांना पुष्कळ शिव्या दिल्या. आज त्याच शिस्तीच्या जिवावर जगतो आहे.

एके सकाळी आम्ही खालून रसद घेऊन चौकीच्या जवळ पोचलो होतो. मी मागे होतो. वरच्या उतारावरून धडधड ऐकू आली. बर्फाचा लोंढा अंगावर येताना दिसला, मी हात तोंडाशी नेला आणि अंधार झाला. सिमेंटमध्ये पुरल्यासारखं वाटलं. बोटसुद्धा हलत नव्हतं. घरच्यांची आठवण आली, देवाची आली, मग श्वास जड झाला.

वर काय झालं ते साथीदारांनी मला नंतर सांगितलं. ज्ञानोबांनी रेडिओवर कळवलं, "एक जवान दबा है. तलाश जारी. ओव्हर." सळया नि फावडी क्षणात हातात आली. कुणी म्हणे मी या दगडापाशी होतो, कुणी म्हणे त्या. पोरं चहूकडे धावायला लागली, तेव्हा ज्ञानोबा ओरडले, "लाइन में! दाहिने सज!"

ओळ लागली. उजवं टोक घळीच्या तोंडाशी आलं, म्हणजे सगळ्यात धोक्याचं. तिथे ते स्वतः उभे राहिले. हुकूम झाला की सळई खाली, हुकूम झाला की एक पाऊल पुढे. मधली वीतभर जागा सुटली नाही. एक सळई माझ्या पाठपिशवीला लागली.

तोंडावरचा बर्फ निघाला तेव्हा पहिला चेहरा त्यांचाच दिसला.

"काय वालूरकर, निजायला हीच जागा भेटली का?"

ते हसत होते. मला दोघांच्या हवाली करून त्यांनी ओळ मागे घ्यायला सुरुवात केली. डावीकडचे आधी, उजवं टोक शेवटी. सगळे बाहेर पडले आणि घळीतून दुसरा लोंढा आला. ते एकटेच त्याखाली गाडले गेले. आम्ही त्यांना संध्याकाळी बाहेर काढलं.

मी निवृत्त होऊन गावी आलो. यंदा त्यांच्या गावच्या शाळेने स्मारकासाठी मजकूर मागितला. मी लिहिला आणि आधी वहिनींना, त्यांच्या पत्नीला, वाचून दाखवायला गेलो. सुरुवात रीतीप्रमाणे होती : हवालदार शेळके यांनी साथीदाराचा शोध घेताना वीरमरण पत्करलं.

वहिनींनी हात वर केला.

"थांबा भाऊजी. शेवटच आदी कामून सांगायलाव? भेटायला आलेल्यांनीबी तसंच केलं. ज्यानं त्यानं मधलंच कायतरी सांगितलं. मला सारखं वाटतं, ते तुमाला हुडकत हुडकतच गेले. तुमी आदी सापडले का ते आदी गेले?"

इतकी वर्षं ही बाई हा प्रश्न घेऊन जगली होती. मी हातातला कागद खाली ठेवला.

"मी आधी सापडलो, वहिनी. त्यांनी मला पाहिलं. माझी चेष्टा केली. मग ते गेले."

वहिनी पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मंग रिकाम्या हातानं न्हाई गेले. तसंच लिवा."

मी कागद फाडला. तिथेच ओसरीवर बसून पहिल्यापासून लिहिलं, जसं घडलं त्या क्रमाने. वहिनींनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग पुन्हा वाचायला सांगितलं, पण या वेळी मी सापडतो तिथंच थांबायला लावलं. तिथे हवालदार ज्ञानोबा शेळके हसत उभे होते.