पापणी ओढणाऱ्या सेक्रेटरीबाई

बिदरपासून गुलबर्ग्यापर्यंत जिची खालची पापणी आमच्या सेक्रेटरीबाईंनी ओढून पाहिली नाही अशी एक तरी बाई कुणी मला आणून दाखवावी, मी माझी बी.ए.ची पदवी परत करायला तयार आहे. आणि ती पदवी सहजासहजी सोडणारा माणूस मी नव्हे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्या सुमारास या दोन जिल्ह्यांत बाळंतपणं आणि बायकांचे आजार पाहणाऱ्या डॉक्टरीणबायांची एक संघटना होती, तिथं मी कारकून म्हणून लागलो. मुलाखतीत बाईंनी पदवीचा कागद बाजूला सारला, उठून माझ्या डोळ्याखाली अंगठा लावला आणि आतला रंग बघून म्हणाल्या, "रगत बरं हाय. उद्यापासून ये."

बाईंचं म्हणणं असं, की माणूस तोंडानं खोटं बोलतो, पापणीची आतली बाजू बोलत नाही. ती लाल असली तर ठीक. पांढुरकी असली तर अंगात रक्त नाही, आणि अशी बाई बाळंत होताना थोडं जरी जास्त गेलं तरी हातची जाते. म्हणून बसमध्ये कंडक्टर तिकिटं फाडत पुढं सरके आणि त्याच्या मागोमाग बाई पापण्या बघत सरकत. लग्नात नवरीचीसुद्धा सुटका नव्हती. तिची काजळभरली पापणी ओढायची आणि त्याच काळ्या अंगठ्यानं आहेर द्यायचा. संघटनेच्या पाहुण्यांना हार घालायचा नाही, रक्त वाढवणाऱ्या शेवग्याच्या पाल्याची जुडी द्यायची, हा नियमही त्यांचाच. एका बड्या साहेबांनी ती जुडी छातीशी धरून फोटो काढून घेतला, मग भाषणभर कोटावरची पानं झटकत राहिले.

पण बाईंचा खरा हट्ट सुईणींचा. महिन्यातून एकदा गुलबर्ग्याला सभा भरायची. पुढं अकरा डॉक्टरीणबाया आणि मागच्या रांगेत खटकचिंचोळी, कमठाणा अशा गावांहून बाईंनी बसनं आणलेल्या सहा सुईणी. त्याही खुर्चीवर, जमिनीवर नाही. डॉक्टरीणबायांचे निबंध वाचून झाले की बाई मागं जाऊन कधी मराठीत, कधी कानडीत, कधी दखनीत त्यांना पापणी बघायला शिकवत. पांढरी दिसली तर कळांची वाट बघायची नाही, आधीच दवाखान्यात धाडायचं. त्यातली कमठाण्याची सुईण माझी आई होती. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. सभेत मी तिच्याकडं बघत नसे, आणि ती शहाणी, मला हाक मारत नसे.

अशात अध्यक्षीणबाईंनी ठराव आणला, की सुईणींना सभेत बसवणं बंद करावं. मनानं त्या वाईट नव्हत्या. पण ही शिकलेल्यांची संघटना, या बायांना इथं बसून काय कळणार, असं त्यांचं मत, आणि बऱ्याच माना हलल्या. ठराव झाला असता तर गावातल्या पांढऱ्या पापण्या पुन्हा कुणी बघणार नव्हतं. आता बाई भाषण ठोकणार म्हणून मी पेन्सिलीला टोक केलं. बाईंनी भाषण केलंच नाही. आईला पुढं बोलावून त्या म्हणाल्या, "या समद्याइचे डोळे बघ, माय. डाक्टर म्हणून सोडू नको."

आईनं पदराला हात पुसले आणि रांगेनं सुरुवात केली. एकेका एम.डी.ची पापणी ओढी, मान डोलावी, पुढं जाई. अध्यक्षीणबाईंपाशी मात्र थांबली. दुसराही डोळा बघितला.

"अक्का, तुमच्यात रगत न्हाई," ती म्हणाली. "जिना चढताना दम लागतोय का न्हाई? मग कामून अंगावर काढायलाव?"

बाईंनी शेजारच्या प्रयोगशाळेत नेऊन तिथल्या तिथं अध्यक्षीणबाईंचं बोट टोचून घेतलं. आईचं खरं निघालं. आता या भडकणार असं मला वाटलं, पण त्या हसत परतल्या, ठराव मागं घेतला आणि काय काय खाऊ म्हणून आईलाच विचारत बसल्या. आईनंही त्यांना सोडलं नाही.

सभेचा वृत्तांत मी लिहायचो. 'एका सुईणीने तपासणी केली,' असं लिहिलं. बाई वाकून बघत होत्या.

"नाव न्हाई का तिला?"

मी नाव लिहिलं. रेशनकार्ड सोडलं तर ते आजवर कुठल्या कागदावर आलं नव्हतं. नियमाप्रमाणे वाचून दाखवायला उभा राहिलो, नावापाशी आलो आणि म्हणून टाकलं, "ही माझी आई आहे."

"मला ठाव हाय," बाई म्हणाल्या. "फुडं वाच."

आता दोघीही नाहीत. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी आईशेजारी बसलो. तिला विचारायचं, सांगायचं पुष्कळ होतं, पण ती दमून माझ्या खांद्यावर झोपली होती. कमठाण्याचा फाटा आला, तरी तिला उठवायला माझा हात होईना. कंडक्टर घंटी वाजवायला निघाला तशी पुढच्या बाकावरून बाईंनी मागं न बघताच त्याला सांगितलं, जरा थांब, लेकरं उतरायलेत.