बिस्त्रोला नेलेलं बिस्तर

फ्रान्स नावाचा देश नकाशात कुठेही असो, माझ्या मते तो सौंसरला बसस्टँडच्या मागे, तिसऱ्या गल्लीत, माझ्या साडभाऊंच्या स्वयंपाकघरात आहे. पैज लावा हवी तर! पांढुर्ण्याहून तिथे जायला एक बस पुरते आणि पासपोर्टऐवजी रिकामं पोट लागतं. साडभाऊ तहसील कार्यालयातून बडे बाबू म्हणून निवृत्त झाले. उभ्या हयातीत त्यांनी गॅस पेटवला नव्हता. चहा हवा असला की ते नुसते खाकरायचे आणि चहा यायचा. तोच माणूस साठी उलटल्यावर कमरेला दुपट्टा गुंडाळून, गंजाला, म्हणजे पातेल्याला, कान लावून मला म्हणतो, "मास्तर, बटरमधलं पाणी उडालं की आवाज बंद होते. ऐकून राहिले ना?" हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर सांगणाऱ्याला सरळ थापाड्या म्हटलं असतं.

त्यांची गुरू म्हणजे मोबाइलमधली एक फ्रेंच म्हातारी. ती काय बोलते यातलं अक्षर त्यांना कळत नसे. मी तसं म्हटलं तर माझ्यावरच डाफरले, "भाषा कायले पाहिजे? मी तिचे हात पाहतो!" बाकी कारभार सगळा मध्य प्रदेशी तहसिलीचा. प्रत्येक पदार्थाची वेगळी नस्ती, म्हणजे आपली फाइल, वर लाल फीत, आत तारीखवार शेरे. कांद्याच्या सूपच्या नस्तीत मी स्वतः वाचलंय: 'कांदा कच्चा. पुनः प्रस्तुत करें.' पुढच्या पानावर, 'कांदा शिजला, रंग नाही. पुनः प्रस्तुत करें.' रातातुईच्या नस्तीवर तर माझ्या बायकोनेच तोंडी हरकत घेतली होती, "भाऊजी, हे वांगं अन् टमाटर आम्ही रोज करतो जी, त्याले फीत नाही लावत." चीज नागपूरच्या बसने यायचं. लांब पाव गल्लीच्या टोकाचा टोस्टवाला भाजून द्यायचा आणि दर वेळी विचारायचा, "बाबूजी, हे खायचं आहे का पोळ्या लाटायच्या आहेत?"

आणि ज्या दिवशी त्यांना कळलं की फ्रान्समध्ये बदकाच्या मटणात संत्रं घालतात, त्या दिवशीचं तर विचारूच नका! रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगत सुटले, "संत्रा घालतात भाऊ, संत्रा! आपला!" जणू सौंसरचे सगळे बगीचे त्या लोकांनी दत्तक घेतले होते. मोहगावला कोणाकडे बदकं आहेत असं ऐकून तडक गेले, आणि आले ते गावरान कोंबडा घेऊन. मी विचारलं, बदक कुठंय? खाली मान घालून म्हणाले, "त्यानं माह्याकडे पाह्यलं जी." कोंबड्याने पाहिलं नव्हतं का, हे मी विचारलं नाही. संत्र्याच्या रसातला तो कोंबडा मात्र असा झाला होता की मी हाडंसुद्धा सोडली नाहीत.

एकदा त्यांचा फोन आला. "मास्तर, रविवारी आपल्या घरी बिस्त्रो आहे. दोघंही या!" आणि ठेवलासुद्धा. आता बिस्त्रो हा शब्द माझ्या बापजाद्यांनी ऐकला नव्हता. बिस्तर मात्र आम्ही जन्मापासून अंथरत आलो. बायको म्हणाली, "पाहुणे लय असतील, गाद्या कमी पडून राहिल्या असतील त्यांच्याकडे." झालं! एक सतरंजी, दोन गोधड्या, दोन उशा यांची वळकटी बांधून आम्ही बसमध्ये चढलो. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, बदली झाली का?" सौंसरला पोचतो तर अंगणात एक टेबल, त्यावर लाल चौकड्यांचा कोरा पंचा अंथरलेला आणि खुर्च्या फक्त चार. साडभाऊंनी माझ्या खांद्याकडे पाहिलं. "हे काय?" म्हटलं, "बिस्तर. तुम्हीच तर सांगितलं." पुढची पाच मिनिटं ते पोट धरून पायरीवर बसले होते. मग डोळे पुसत म्हणाले, "अहो मास्तर, बिस्त्रो म्हणजे तिकडची लहानशी घरगुती खानावळ!"

तेवढ्यात आणखी कोणीतरी हसलं. खुर्चीत बसलेल्या माझ्या आकडसासूबाई, म्हणजे बायकोची मोठी बहीण, साडभाऊंची बायको. त्यांना हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. आदल्या साली त्यांना ताप आला होता. ताप गेला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. गल्लीत कोणाच्या फोडणीत लसूण पडला हे घरात बसून सांगणारी ही बाई! आता वरणाचा घास घेतला की म्हणायची, माती आहे, आणि ताट सरकवायची. वाळून काटकुळी झाली होती. डॉक्टर म्हणाले, येईल तेव्हा येईल, वाट पाहा. साडभाऊंना वाट पाहणं जमलं नाही. पण फ्रान्सच का, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. हळू आवाजात म्हणाले, "आपलं वरण, आपली पाटोडी तिले आठवते मास्तर. चव नाही आली की रडून राहते. जे जन्मात खाल्लंच नाही, त्याची चव नाही आली तर तिले काय समजते?" मी नुसता त्यांचा हात धरला.

तर त्या रविवारी कांद्याचं सूप पाचव्यांदा प्रस्तुत होत होतं. कांदे मंद आचेवर तासभर हलवत राहावे लागतात, आणि आम्ही अंगणात बिस्तरावर हसत बसलेलो. साडभाऊ पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, "मास्तर उशी घेऊन आले!" एकाएकी आकडसासूबाई उठून उभ्या राहिल्या. नाक वर केलं.

"अहो, कांदे जळून राहिले ना!"

आम्हाला कोणालाच वास आला नव्हता. साडभाऊ जागच्या जागी थिजले. "काय म्हटलं? पुन्हा म्हण."

"जळून राहिले म्हणते ना मी! गॅस बंद करा आधी!"

"जळू दे!" साडभाऊ ओरडले. "सगळे जळू दे! पूर्ण गंज जळू दे!" आणि दोन्ही हातांनी तिचे हात धरून अंगणाच्या मध्यभागी लहान मुलासारखे रडायला लागले. गॅस शेवटी माझ्या बायकोने बंद केला. आकडसासूबाईंनी ते काळंकुट्ट सूप चमच्याने तोंडात घातलं, थांबल्या, आणि म्हणाल्या, "कडू आहे." डोळ्यांतून पाणी चाललेलं. "लय कडू आहे. आणखी द्या." वाटीभर प्यायल्या, पावासकट! त्या नस्तीचा शेवटचा शेरा मी पाहिलाय: 'कांदा जळाला. प्रकरण नस्तीबद्ध.'

पुढे हळूहळू बरीचशी चव परत आली, आणि चवीबरोबर आकडसासूबाईंचा दराराही. स्वयंपाकघर त्यांनी ताब्यात घेतलं. माझ्या गंजांना हात लावायचा नाही, असं साडभाऊंना बजावलं. नस्त्या कपाटात गेल्या, म्हातारी मोबाइलमध्ये राहिली, साडभाऊ पुन्हा खाकरून चहा मागतात. आम्ही गेलो की वडाभात असतो, आणि तो असा की बोटं चाटत राहावं. तरी मधूनच मी पाहतो, फोडणी चरचरली की साडभाऊ पेपर खाली ठेवून आवाज ऐकत असतात.

परवा त्यांचा फोन आला. "मास्तर, रविवारी या."

मी आशेने विचारलं, "बिस्त्रो आहे का?"

"नाही जी. ती गॅसजवळ उभं नाही राहू देत." मग म्हणाले, "पण बिस्तर घेऊन या."