वादळावर घातलेला आळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला फोनवर सगळं सांगतो — काय जेवलो, किती नारळ उतरवले, पायात काटा मोडला तरी सांगतो — पण हे नाही. तुम्हाला या कागदांवर लिहून सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर जमलं असतं का? वाटत नाही.

मी जालन्याकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. मुरुडजवळच्या एका नारळाच्या वाडीत कामाला आलो, तोवर समुद्र पाहिलाही नव्हता. वाडीचे मालक म्हणजे काका. त्यांनी आणि काकूंनी मला आधी पडवीत जागा दिली, मग महिन्याभरात घरातच घेतलं. मासे खायला काकूंनी शिकवलं, पहिले काही दिवस काटे काढून देऊन. वाचायला काकांनी. अक्षरं येत होती, धीर नव्हता. साखरेच्या आजारानं काकांची नजर अधू झालेली, म्हणून रोजचा पेपर मी मोठ्यानं वाचायचा. अडखळलो की म्हणायचे, "दम खा. अक्षार काय पलून जात न्हाय."

इतकी माया मला का मिळाली, हे अजून कळत नाही. ती कधीही जाईल, ही भीती मात्र पहिल्या दिवसापासून आहे.

वाडीसमोर, होडीनं अर्ध्या तासावर, एक लहान बेट आहे. देवीचं देऊळ, उंडीची झाडं, आणि एक जुना वड. वडावर वाघळं, म्हणजे वटवाघळं, असायची, शेकडो, भर दुपारीसुद्धा एकमेकांशी कचाकचा भांडणारी. वर्षातून एकदा देवीपुढे उंडीच्या तेलाचा दिवा लावायचा. त्यासाठी फळं झाडावरून काढायची नाहीत. वाघळांनी गर खाऊन वडाखाली टाकलेल्या बियाच वेचायच्या, हा काकांच्या घरचा रिवाज. त्यातही अर्ध्या वेचायच्या, अर्ध्या सोडायच्या.

"का?" मी विचारलं होतं.

"बी आयशीच्या पायाशी पडली तं उगावते, पन वाढत न्हाय. तिला कोनीतरी लांब न्यावी लागते. आता तुलाच बघ."

"मला काय वाघळानं आणलं?"

"तुला यष्टीनं आनून टाकला!"

काकूंना हसून हसून ठसका लागला.

मग ते मोठं वादळ आलं, आणि वाघळं गेली. काका असंच सांगतात. गावही असंच सांगतं. मी मान डोलावतो. पण वाघळं वादळाच्या आधीच गेली होती — तीन आठवडे आधी — आणि का गेली, हे फक्त मला माहीत आहे.

टाळेबंदीचं वर्ष होतं. वाघळांनीच रोग आणला, असं ज्याच्या त्याच्या फोनवर फिरत होतं. काकूंना दमा. देवीला त्या वर्षी फक्त आम्हीच जाणार होतो, आणि काकांनी मला दोन दिवस आधी बेटावर देवळाचं अंगण झाडायला पाठवलं. मी घरात उरलेले दिवाळीचे सुतळी बॉम्ब पिशवीत घातले. काकूंसाठी केलं, असं मी स्वतःला खूप वेळा सांगून पाहिलं. मग लपवलं कशाला?

पहिला बॉम्ब फुटला तेव्हा सगळा वड एकदम उठल्यासारखा झाला. माद्यांच्या पोटाला पिलं होती. त्यातली काही सुटली. सात. एक माझ्या चपलेपाशी पडलं, डोळे उघडे, तोंड हलत होतं — तेव्हा तरी थांबायला हवं होतं ना? मी थांबलो नाही. पिशवी रिकामी होईपर्यंत लावत राहिलो. मग पिलं समुद्रात टाकली. दोन अजून जिवंत होती. मग अंगण झाडलं.

"कुटं गेली रं समदी?" दोन दिवसांनी काकांनी वर बघत विचारलं.

"गरमीनं पलीकडे गेली असतील," मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी वादळानं माझी बाजू घेतली. गरमीनं गेलेली वाघळं वादळामुळेच परतली नाहीत, असं सगळ्यांनी धरलं.

बेटावरची निम्मी झाडं पडली. मोकळ्या जागेत पुन्हा रान यायला हवं होतं. आली ती घाणेरीची काटेरी झुडपं. उंडीची फळं आता आईखालीच पडतात, तिथेच कुजतात. आमच्या किनाऱ्यावरची जांभळं वाघळांबरोबर बेटावर जायची, वडाची रोपं खडकांच्या भेगांत उगवायची. ते सगळं थांबलं. काका एका झाडाचे चिकू अजून उतरवू देत नाहीत. "परत आली तं काय खातील?" फळं पिकून पडतात, सकाळी मीच झाडतो.

पावसाच्या तोंडाशी मी बिया घेऊन बेटावर जातो, हातानं पेरतो. थोडी उगवलीत. शेकडो तोंडांचं काम दोन हातांनी किती होणार? पण काका येणाऱ्या पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "ह्यो आमचा वाघूळ. ह्यानं बेट राखलान." आणि मी हसतो. बॉम्ब लावले त्याहून हे हसणं मला आता जड जातं.

आणखी एक. पेपरात वाघळांबद्दल काही आलं की मी ती बातमी वगळतो. काकांना दिसत नाही. त्यांना दिसत नाही, म्हणूनच जमतं.

उद्या सकाळी चहानंतर ते नेहमीसारखे म्हणतील, "वाच रं वाघला." पेपराआधी मी हे कागद वाचणार आहे. एकही ओळ वगळणार नाही.