जिथे दुखते तिथे अडा

मला वाचता येतं. चौथीपर्यंत मी मराठी शाळेत शिकले, आणि लग्न होऊन बडोद्याला आल्यावर बसच्या पाट्या आणि मुलीचं पहिलीचं पुस्तक यांवरून गुजरातीही वाचायला शिकले. हे कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. आता लिहून ठेवते आहे, कारण त्या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही.

सुभानपुऱ्यात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ते कॉम्प्युटरचं ऑफिस होतं. मी छाणीहून जायचे. झाडलोट, चहा आणि संध्याकाळी पांढरा फळा पुसणं ही माझी कामं. तिथे एका दवाखान्यासाठी टचस्क्रीन तयार होत होता. तेव्हा असलं काही आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. लाकडी खोक्यात बसवलेला जाडजूड पडदा आणि त्यावर माणसाचं चित्र. ज्या जागी बोट लावाल ती जागा लाल व्हायची आणि कितव्या खोलीत जायचं ते खाली उमटायचं. ते काम करणारी मुलगी मराठी होती, नागरवाड्यात राहायची, मला मावशी म्हणायची. गुडघ्याला लावलेलं बोट मांडीला लागतं म्हणून ती दोन दिवस नुसती गुडघ्याशी झटत होती. मला तिचं कौतुक वाटायचं. सकाळी कुणी यायच्या आत काच पुसताना मीही खांदा, पोट, कान लाल करून बघायचे. म्हणजे पडदा कसा चालतो हे मला ठाऊक होतं.

दवाखान्यात मराठी माणसं पुष्कळ येतात म्हणून नंतर त्या मुलीने मराठी पान घातलं. कमी शिकलेल्याला ते जमतं का, हे बघायला साहेबांनी मला बोलावलं. मागे चार पुरुष आणि ती मुलगी. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘जिथे दुखते तिथे अडा.’

मी वाचलं. पुन्हा वाचलं. गाडी अडते, काम अडतं. मला वाटलं, थांबायला सांगितलंय, पुढे आणखी काही येणार असेल. म्हणून मी थांबले. मागे कुणीतरी हसलं. विचारायचं मनात होतं, पण इतक्या पुरुषांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. साहेबांनी मला चहा ठेवायला पाठवलं.

चहा घेऊन आले तर फळ्यावर गुजरातीत लिहिलेलं होतं, ‘अभण बेन. अटकी गया.’ निरक्षर बाई, अडकली. संध्याकाळी मी फडकं उचललं तेव्हा साहेब म्हणाले, “बेन, ए रहेवा देजो.” तेवढं राहू द्यायचं होतं. दवाखान्याचे लोक आठवड्याने येणार होते, अडाणी बाईवरही तपासून बघितलं हे त्यांना दाखवायला. मग रोज संध्याकाळी मी बाकीचा फळा पुसायचे आणि त्या दोन ओळींच्या कडेकडेने फडकं फिरवायचे. मला दिलेली शिवी मीच जपत होते.

तिसऱ्या दिवशी बसमध्ये डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गुजरातीत अडवुं म्हणजे हात लावणं. त्या मुलीने गुजराती ‘अडो’चं मराठीत ‘अडा’ करून ठेवलं होतं. त्याच्या पुढच्या दिवशी ती एकटी असताना मी विचारलं, “ताई, अडा म्हणजे काय हो?”

“टच करा ना, मावशी.”

“घरी आई असं म्हणते?”

ती विचार करायला लागली. “आई म्हणते, तुझ्यावाचून माझं काही अडत नाही,” असं म्हणाली आणि तिचे कान त्या चित्रातल्यासारखे लाल झाले.

पाच मिनिटांत तिने ‘बोट लावा’ करून टाकलं. मी फळ्याकडे पाहिलं. तर ती म्हणाली, साहेबांनी लिहिलंय, राहू द्या, त्यात तुमचं नाव कुठे आहे? नाव नव्हतं, खरं आहे. पण त्या ऑफिसात अभण म्हणावं अशी दुसरी कोण होती? चूक तिची, ती दाखवली मी, आणि अडाणी कोण, तर मी. साहेबांना तिने एवढंच सांगितलं की मराठी थोडं सोपं केलंय.

दवाखान्याचे लोक आले. साहेबांनी फळ्यावरचं वाचून दाखवलं आणि म्हणाले, आता हीच बाई बघा कशी चालवते. मला पुढे उभं केलं. पडद्यावर होतं, ‘जिथे दुखते तिथे बोट लावा.’

मी पडद्यापाशी थांबलेच नाही. सरळ फळ्यापाशी गेले आणि ‘अभण’वर बोट ठेवलं. बोट काढलं नाही. मला वाटलं होतं, आता तरी कळेल.

“जुओ, फरी अटकी गया,” साहेब म्हणाले. बघा, पुन्हा अडकली. पाहुणेही हसले. साहेबांनी स्वतःच चित्राच्या पोटाला बोट लावलं आणि सगळे पडद्याकडे वळले.

ती मुलगी मात्र वळली नाही. तिने खाली मान घालून डस्टर उचलला आणि माझ्याजवळ आली. मी तो तिच्या हातातून काढून घेतला. फळा पुसायचं काम माझं होतं. दोन्ही ओळी मी पुसल्या, पाहुणे तिथे असतानाच.